सर्व्हरलेस क्लाउड : सातारा-सांगलीतील उपयोग व मर्यादा

स्वतःचा सर्व्हर विकत वा भाड्याने न घेता प्रोग्रॅम क्लाउड कंपनीच्या हवाली करायचा आणि तो जेवढा वेळ चालेल तेवढ्याचेच पैसे मोजायचे, अशी संगणकीय सेवा. विचारणा आली की कंपनी प्रोग्रॅम चालवते, गर्दी झाली की त्याच्या जादा प्रती उभ्या करते आणि काम सरले की त्या बंद करते. अॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही अशी सेवा जाहीर केल्यानंतर ही पद्धत रूढ झाली. अॅमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले.

सातारा-सांगलीतील बरीच कामे हंगामी असल्याने ही पद्धत येथे विशेष विचारात घेण्याजोगी आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. एरवी महिनोन्‌महिने ही पातळी फारसे कोणी विचारत नाही, पण कोयना धरणाचा विसर्ग वाढला की नदीकाठचे प्रत्येक घर तासातासाला आकडा पाहते. असा आकडा दाखवण्यासाठी बारा महिने मोठा सर्व्हर पोसणे परवडत नाही, आणि लहान सर्व्हर नेमका पुराच्या रात्री बसतो. कास पठारावरील फुलांच्या हंगामातील ऑनलाइन नोंदणी याच जातीची.

खर्चाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १२८ एमबी मेमरीचा प्रोग्रॅम दर वेळी ०.२ सेकंद चालला आणि महिन्यात १० लाख विचारणा आल्या, तर वापर २५ हजार जीबी-सेकंद (मेमरी गुणिले वेळ) होतो. लॅम्डाची मोफत मर्यादा दरमहा १० लाख विचारणा व ४ लाख जीबी-सेकंद आहे. म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याचे बिल शून्य. मात्र डेटाबेस, नोंदींची साठवण आणि एसएमएस यांचे पैसे वेगळे पडतात, आणि खरा खर्च बहुधा तिथेच होतो.

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे काम मात्र या पद्धतीवर सोपवू नये. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रंदिवस हलती असते. इंटरनेट गेले म्हणून काटा थांबवता येत नाही. वजन काट्यावरच्या संगणकातच नोंदले जावे. पुढे शेतकऱ्याला संदेश पाठवण्याचे काम क्लाउडकडे द्यायला हरकत नाही, पण तिथेही एक खाच आहे. पाठीमागे चालणारे काम फसले तर लॅम्डा ते आपणहून आणखी दोनदा करून पाहते. पहिल्या खेपेत निम्मे काम झालेले असेल, तर एकाच पावतीचे दोन संदेश जातात. प्रोग्रॅम बिलाची नोंद करणारा असेल, तर उसाचे वजनच दुप्पट दिसते. प्रत्येक पावतीचा क्रमांक आधी तपासून मगच नोंद करणे, हे येथे अनिवार्य मानावे.

डेटाबेसची अडचणही अशीच आहे. एका खात्याला एका केंद्रात साधारणतः एकाच वेळी १,००० प्रती चालवता येतात. पोस्टग्रेस डेटाबेस मूळ मांडणीत १०० जोडण्याच स्वीकारतो. प्रोग्रॅम गर्दी पेलतो आणि डेटाबेस कोलमडतो. जोडण्या वाटून देणारी यंत्रणा मध्ये बसवावी लागते. बराच वेळ पडून राहिलेला प्रोग्रॅम पहिल्या विचारणेला उशिरा उत्तर देतो आणि एक काम १५ मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही, हे दोषही आहेत. पण वरच्या दोहोंपुढे ते किरकोळ होत.

अखंड, एकसारखा भार असेल तर साधा सर्व्हरच स्वस्त पडतो. अॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये दृक्‌श्राव्य दर्जा तपासणारी एक यंत्रणा सर्व्हरलेस मांडणीतून काढून एकसंध केली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. शिवाय एका कंपनीच्या सेवांभोवती लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवणे जिकिरीचे असते. लहान संस्थांनी खर्चाची सूचना सुरू ठेवावीच. मात्र नुसत्या सूचनेने काम थांबत नाही, म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींची कमाल संख्या पहिल्याच दिवशी बांधून द्यावी.