काला आंबापाशी

पानिपतास मराठी माणूस जातो तो १७६१ च्या रणाची आठवण घेऊन. मीही गेलो, पण काला आंबच्या स्मारकापाशी माझे लक्ष वेधले एका मुलाने. तो सारखी मान झटकी, आणि वडील डोळे वटारीत. ही खोड नव्हे, मज्जासंस्थेचा विकार आहे, असे पॅरिसच्या जिल द ला तूरेत यांनी १८८५ मध्येच मांडले होते. उपायाची नवी वाट मात्र १९७३ मध्ये अमेरिकेत एझ्रिन व नन यांनी दाखविली: उबळ येताच ती ओळखावी आणि झटका देण्याऐवजी मानेचे स्नायू हलकेच ताणून धरावेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२६ मुलांवरील चाचणीत दहा आठवड्यांच्या अशा शिकवणीने निम्म्याहून अधिकांना उतार पडला. रागावण्याने ताण वाढतो, ताणाने झटके बळावतात. हे त्या वडिलांना सांगू लागलो, तोच मुलाने पुन्हा मान झटकली. त्यांचे डोळे या वेळी वटारले गेले नाहीत.