नाक्यांच्या वह्या आणि दूरचे दप्तर

साष्टी बेटाच्या वायव्येस, मनोरीच्या खाडीकाठच्या खारफुटीला लागून असलेले चारकोप आज कांदिवली पश्चिमेचा एक दाट वस्तीचा भाग म्हणून ओळखले जात असले, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने १९८० नंतरच्या दशकात आखलेल्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी त्याचा चेहरा पार बदलून टाकला असला, तरी त्याचे गावठाण जुने आहे. आणि ज्या मुलखात ते वसले त्या मुलखाच्या वेशी वेगवेगळ्या राजवटींनी आपापल्या रीतीने राखलेल्या आहेत. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि सालबाईच्या १७८२ च्या तहाने तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. पुढे १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढून शहराची उत्तरेकडील वेस दहिसरला गेली. आणि १९६५ पासून ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू होईपर्यंत, दहिसर, मुलुंड, मानखुर्द अशा नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालाची जकात घेतली जात होती.

वेशी अनेक आणि खजिना एक, अशी स्थिती आली की एक जुना प्रश्न उभा राहतो. नाक्यावर जो उभा असतो तोच माल आत सोडतो, आणि बहुधा तोच वहीत नोंद करतो. त्याची नियत बिघडली, किंवा कोणी रात्री येऊन त्याला बाजूस सारून वहीचे पान फाडले, तर काय घडले हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही. शिवाय एकाच टोळीने आज एका नाक्यावर व उद्या दुसऱ्या नाक्यावर चाचपणी केली, तर प्रत्येक नाक्याच्या वहीत ती एक क्षुल्लक घटना म्हणून पडून राहते. सर्व वह्या एका बैठकीवर उघडल्यावाचून तिचा डाव उमगत नाही. चारकोपमधील एखाद्या पतसंस्थेच्या चार शाखांच्या दारांवर आज चार फायरवॉल बसवलेल्या असतात, आणि त्यांच्या नोंदी, म्हणजे लॉग, एका मध्यवर्ती सर्व्हरकडे अखंड पाठवण्याची व्यवस्था करावी लागते, ती याच प्रश्नामुळे. या व्यवस्थेचा इतिहास लिहिताना मला कॅलिफोर्नियातील बर्कली जितके जवळचे वाटते तितकेच पुणेही वाटते.

पेशवाईच्या कारभारात महालोमहालच्या मामलेदारावर नजर ठेवण्याची जी योजना होती ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, सभासद वगैरे दरकदार मामलेदाराच्या शेजारी बसून काम करीत. परंतु त्यांची नेमणूक वा बडतर्फी मामलेदाराच्या हाती नव्हती, त्यांचे हक्क बहुधा वंशपरंपरेचे होते, आणि आपल्या वरिष्ठाच्या गैरवर्तनाची खबर हुजुरास देणे हे त्यांच्या कर्तव्यातच येत असे. त्यांच्या लेखणीतून उतरलेले हिशेब पुण्यास हुजूर दप्तरात जात. तेथे फडाकडे रोजकीर्द सिद्ध होई, आणि एकबेरीज दप्तरात सर्व खात्यांचे कागद येऊन जमा, खर्च व शिल्लक यांचा तर्जुमा अशा क्रमाने मांडला जाई की हव्या त्या बाबीचा दाखला निघावा. सामर्थ्य होते ते मांडणीत: मामलेदाराने आपल्या कचेरीतील कागद बदलले, तरी पुण्यास पोचलेला कागद त्याच्या हातचा उरत नसे.

ही घडी थोरल्या माधवरावांच्या व नाना फडणीसांच्या अमदानीत सर्वांत चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली, कागद कारकुनांच्या घरी गेले, आणि १८१८ नंतर एल्फिन्स्टनच्या अधिकाऱ्यांना ते शोधून गोळा करावे लागले. तरीही जे उरले ते एवढे अफाट होते की गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या वर्षांत त्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. मध्यवर्ती दप्तर नुसते उभारून भागत नाही, ते रोजच्या रोज राखावे लागते, हे सांगायला बाजीरावाच्या त्या वीस-एकवीस वर्षांहून अधिक पुरावा नको.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न बर्कलीच्या टेकडीवर नव्याने उभा राहिला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली. तिचा छडा लावताना त्याला दिसले की कोणी तिऱ्हाईत यंत्रणेचे सर्वाधिकार बळकावून आत वावरतो आहे, आणि असे अधिकार ज्याच्या हाती आहेत तो यंत्राच्या आतील नोंदी पुसूही शकतो. तेव्हा स्टोलने एका शनिवार-रविवारी मिळतील तेथून छपाईयंत्रे उसनी आणली आणि बाहेरून येणाऱ्या पन्नासएक तारांना जोडून दिली. तारेवरून जे अक्षर जाई ते कागदावर उमटे, आणि कागदाला घुसखोराचा हात पोचत नसे. त्या कागदांच्या आधारे माग हॅनोव्हरपर्यंत गेला. माझ्या मते मध्यवर्ती लॉगचे तत्त्व इतक्या निर्मळ स्वरूपात पुन्हा क्वचितच दिसले असेल.

त्याच गावच्या विद्यापीठात एरिक ऑलमन याने सेंडमेल या टपालप्रणालीसाठी त्याच दशकात ‘सिस्लॉग’ नावाची नोंद पाठवण्याची रीत केली होती. ती इतकी साधी होती की पाहता पाहता सर्वत्र पसरली, आणि पसरल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००१ मध्ये, आरएफसी ३१६४ या लेखात तिचे वर्णन केले गेले. प्रत्येक नोंदीच्या आरंभी एक अंक असतो. खात्याच्या क्रमांकाला आठाने गुणून त्यात तातडीची पायरी मिळवली की तो सिद्ध होतो. पायऱ्या शून्यापासून सातपर्यंत, शून्य म्हणजे सर्वनाशाची हाक. नोंदीच्या शिरोभागी १६६ दिसले तर खाते विसावे व पायरी सहावी, म्हणजे नित्याची माहिती, हे जाणत्याला लगेच कळते. परंतु या साधेपणाची किंमतही होती. नोंद यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या दारातून पोच न मागता टाकली जाई. वाटेत हरवली तर धाडणाऱ्यालाही कळत नसे आणि घेणाऱ्यालाही. तारखेत वर्ष नव्हते, कोणत्या देशाची वेळ हेही नव्हते. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने तारखेचा दोष दूर केला, आणि सोबतच्या लेखाने टीएलएसच्या मोहरबंद लखोट्यातून ६५१४ क्रमांकाच्या दाराने नोंद पाठवण्याची सोय केली.

मुंबईला जगाच्या जाळ्याशी जोडण्यात चारकोपहून फार दूर नसलेल्या जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, एनसीएसटीचा, मोठा वाटा होता. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आद्य संस्थांपैकी ती एक. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले, आणि तीनच वर्षांनी, पोखरणच्या चाचण्यांनंतरच्या जून महिन्यात, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत किशोरवयीन मुलांची एक परदेशी टोळी शिरून तेथील ईमेल घेऊन गेली. त्या बातमीने या शहरातील पुष्कळ संस्थांना आपल्यालाही वेस आहे याची प्रथम जाणीव झाली.

अनेक नाक्यांच्या नोंदी एकत्र लावायच्या तर सर्व घड्याळे एक हवीत, आणि या बाबतीत मुंबईकरांचा पूर्वेतिहास मोठा हट्टाचा आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा गिरणी कामगारांपासून महापालिकेपर्यंत सर्वांनी तिला विरोध केला, आणि प्रमाणवेळेहून सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ महापालिकेने पुढे कित्येक दशके चालवली. आगगाडीची वेळ एक आणि शहराची दुसरी, अशा त्या दिवसांतील दोन कागदांवरून एखाद्या घटनेचा क्रम लावणाऱ्याला जी गणिते करावी लागत, तीच घड्याळे न जुळलेल्या चार फायरवॉलचे लॉग वाचणाऱ्याला करावी लागतात. म्हणून जाणता माणूस लॉग पाठवण्याच्या आधी प्रत्येक फायरवॉलचे घड्याळ एनटीपी या वेळ जुळवण्याच्या रीतीने एका प्रमाण घड्याळाशी बांधतो.

मग येतो भाषेचा गुंता. एका कंपनीची फायरवॉल ‘नाव बरोबर किंमत’ अशा जोड्यांत बोलते, दुसरी स्वल्पविरामांनी तोडलेल्या रकान्यांत, तिसरी क्रमांकित संदेशांत. कोठून, कोठे, कोणत्या दाराने, सोडले की अडवले, कोणत्या नियमाने, एवढा मजकूर सर्वांतून सारखाच काढून एका साच्यात ओतावा लागतो. दप्तरच बंद पडले तर काय, हा प्रश्न त्याहून नाजूक. सिस्कोची एएसए फायरवॉल यूडीपीऐवजी पोच मागणाऱ्या टीसीपीने लॉग पाठवत असेल आणि सर्व्हर उत्तर देईना, तर वेगळी आज्ञा दिलेली नसल्यास ती नवीन येणे-जाणेच थांबवते. नोंद होणार नसेल तर वेस उघडायची नाही, हा बाणा नाना फडणीसांना पटला असता असे मला वाटते. पण पतसंस्थेच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या सभासदाला तो परवडत नाही. म्हणून शहाणी मांडणी अशी की, नोंदी वाटेवरच्या एका यंत्राच्या तबकडीवर साठवून ठेवाव्यात आणि दप्तर पुन्हा उघडताच क्रमाने पोचवाव्यात.

सहकारी संस्थांच्या महाराष्ट्राला या विषयाचे महत्त्व पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याने कळले. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या मागण्या मंजूर करणारी खोटी यंत्रणा मध्ये बसवली होती, त्यामुळे त्या मागण्या बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोचल्याच नाहीत. एकाच ठिकाणची वही कितीही नीट लिहिली असली तरी जे तिच्यापर्यंत आले नाही ते तिच्यात कसे सापडणार? वेशीवरची नोंद आणि खजिन्यातील नोंद एका दप्तरात समोरासमोर ठेवली, तरच मधली पोकळी दिसते.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आज्ञा काढली की, सर्व संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस देशाच्या अधिकारक्षेत्रात राखावेत, घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, आणि घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावी. चारकोपच्या छोट्या संस्थांना हे ओझे वाटते. तरीही मी म्हणेन की १८० दिवस अपुरे आहेत. घुसखोर महिनोन्‌महिने निमूट बसून राहतो, आणि त्याने पहिले दार ज्या दिवशी ठोठावले त्या दिवसाची नोंद हवी असते तेव्हा ती मुदत संपल्यामुळे पुसली गेलेली असते. अडवलेल्या प्रत्येक चाचपणीचा तपशील वर्षभर ठेवण्याचा खर्च पेलत नसेल, तर तो मुदतीनंतर संक्षेपाने ठेवावा. परंतु जे आत सोडले आणि ज्याने फायरवॉलचा नियम बदलला, त्या नोंदी निदान दोन वर्षे राखाव्यात, आणि त्या पुसण्याचा अधिकार फायरवॉल सांभाळणाऱ्या माणसाकडे नसावा.