पादचाऱ्याची अपघात-भरपाई (भारतीय कायदा)

पादचाऱ्याची अपघात-भरपाई : मोटार वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या पायी चालणाऱ्या माणसाला, किंवा तो दगावल्यास त्याच्या वारसांना, कायद्याने मिळणारी नुकसानभरपाई आणि तिच्याशी निगडित हक्क. भारतात या हक्कांचा मुख्य आधार मोटार वाहन अधिनियम, 1988 हा आहे. तो 1 जुलै 1989 रोजी अमलात आला. 2019 च्या दुरुस्तीने त्यातील विमा व भरपाईचा भाग नव्याने लिहिला गेला आणि तो 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतली सुमारे 19.5 टक्के, म्हणजे जवळजवळ दर पाचवा माणूस, पायी चालणारी होती.

विम्याच्या भाषेत पादचारी हा ‘थर्ड पार्टी’. करार होतो वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्यात. पादचाऱ्याने ना हप्ता भरलेला असतो, ना कशावर सही केलेली असते. तरीही कलम 146 ने सक्तीचा केलेला विमा त्याच्यासाठीच आहे. विम्याविना वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा ठरवण्यामागे एवढाच विचार आहे, की धडक देणाऱ्याची ऐपत नसली म्हणून धडक बसलेल्याने उघड्यावर पडू नये. चालकाचा परवाना संपलेला निघाला, तरी कंपनीला सहसा हात झटकता येत नाहीत. आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्ण सिंग निकालात पक्की केली. वाहनाला विमाच नसेल तर देणे मालकाच्या अंगावर येते. अशी गाडी पुरेसे तारण घेतल्याशिवाय मालकाला परत सोडू नये, यासाठी राज्यांनी नियम करावेत, असे न्यायालयाने 2018 साली बजावले.

या हक्काला पूर्वी फार तोकडे रूप होते. 1939 च्या कायद्याखाली भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागे. 1956 च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध केल्याशिवाय काहीही मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली मुंबईहून गेलेल्या एका अपिलात सांगितले. ती उणीव 1982 साली संसदेने थोडी भरून काढली आणि चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी 15,000 व कायम अपंगत्वासाठी 7,500 रुपये ठरवले. आजचे कलम 164 त्याच विचाराचे पुढचे रूप आहे. मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापतीला 2.5 लाख रुपये, कोणाचाही दोष सिद्ध न करता. ज्याला याहून जास्त नुकसान झाल्याचे दाखवायचे आहे, त्याने कलम 166 खाली दावा करायचा. तिथे मात्र हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि रकमेला कमाल मर्यादा नसते.

वाहनाचा क्रमांक मिळाला नाही, तर हे दोन्ही दरवाजे बंद होतात. ‘अज्ञात वाहन’ एवढेच एफआयआरमध्ये उमटले, की जखमी माणूस कलम 161 च्या योजनेत जातो. तिथे मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. 2022 पूर्वी हेच आकडे 25,000 आणि 12,500 होते. म्हणजे पाय तोच, मोडले हाड तेच, पण गाडीचा नंबर कोणी टिपला नाही म्हणून दोष न पाहता मिळणारी रक्कम पाचव्या हिश्श्यावर येते. सगळ्या कायद्यात पादचाऱ्यावर सर्वांत मोठा अन्याय कुठे होत असेल, तर तो या तफावतीत. शिवाय ही योजना लोकांना माहीतच नसते. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, त्याने महिनाभरात चौकशी अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्याने मंजुरी द्यायची, असा तिचा क्रम आहे. जखमींना व वारसांना पोलिसांनीच योजनेची माहिती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी 2024 मध्ये द्यावा लागला.

पहिले काही तास इतके मोलाचे ठरतात, ते यामुळेच. कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर ‘आपसांत मिटवून टाकू’ हा सूर लवकर लागतो. दोन-चार हजार रुपये हातात पडतात, तक्रार राहून जाते आणि आठवड्याभराने शस्त्रक्रियेचा खर्च पुढे उभा राहतो, तेव्हा हातात कागद नसतो. तक्रार उशिरा नोंदवली म्हणून दावा बुडत नाही. माणूस जखमीकडे बघेल की आधी पोलीस ठाणे गाठेल, याचे भान ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली न्यायाधिकरणांना सांगितले आहे. तरी विमा कंपनीचा वकील तो उशीर उगाळतोच. पहिल्या दवाखान्यातल्या एमएलसीच्या (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाच्या) नोंदीत ‘पडून लागले’ असे लिहिले गेले, की पुढे ते पुसायला वर्षे जातात. घरच्यांनी ती नोंद त्याच दिवशी वाचून घ्यावी.

घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, गाडीची आरटीओ तपासणी हे काम पोलिसांचे. 2022 च्या नियमांनुसार त्यांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची सोय कायद्यात आहे. ती नीट राबली, तर जखमीला वकिलाचे दार ठोठावण्याआधीच त्याचे प्रकरण उभे राहील. स्वतः दावा करायचा तर अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. मांडीचे हाड जुळायलाच कित्येकांना तेवढा काळ लागतो. ही मुदत पुन्हा आणणे हे 2019 च्या दुरुस्तीतले निर्दय पाऊल होते. तिला आव्हान दिले गेले, आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अपघात जिथे झाला तिथेच जावे लागते असे नाही. जखमी राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. पुण्यात बांधकामावर असताना धडक बसलेल्या मजुराला आपल्या गावी, नांदेडला, दावा लावता येतो, ही सवलत लहान नाही. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पुराव्याचा निकषही फौजदारी खटल्यासारखा कडक नसतो. गोव्यातल्या एका स्कूटर अपघाताच्या प्रकरणात (डल्सिना फर्नांडिस, 2013) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, की घटना तशी घडल्याची शक्यता जास्त दिसते, एवढे पुरे. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाई आपोआप हुकत नाही.

भरपाईचा हिशेब हा या विषयातला सर्वांत कमी समजलेला भाग. उपचारांची बिले, पुढे लागणारे उपचार, बुडालेला रोजगार, सोबतीला लागणारा माणूस, वेदना, आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणे, अशी वेगवेगळी सदरे असतात. त्यांत सर्वांत मोठी रक्कम येते ती कमाईची ताकद गमावल्याबद्दल. इथे डॉक्टरांच्या दाखल्यातली टक्केवारी जशीच्या तशी उचलायची नसते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात दिलेले उदाहरण कुणालाही पटावे असे आहे. डावा हात तुटला तर दाखल्यावर अपंगत्व साठ टक्के येईल. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्णच गेली, आणि सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी बहुधा टिकेल. म्हणून ‘हा माणूस आता काय काम करू शकतो?’ असा प्रश्न विचारायचा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हातगाडीवर भाजी विकणारी 34 वर्षांची बाई, महिन्याची कमाई 12,000 रुपये, आणि पायाच्या दुखापतीने कमाईची ताकद निम्मी झालेली. वर्षाचे 1,44,000 होतात. स्वयंरोजगार असलेल्या चाळिशीखालच्या माणसाची कमाई पुढे वाढलीच असती, म्हणून प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) 40 टक्के मिळवायचे : 2,01,600. त्याचे निम्मे 1,00,800. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्यानुसार 31 ते 35 वयासाठी गुणक 16 आहे. रक्कम येते 16,12,800 रुपये. बिले, वेदना वगैरे सदरे त्यावर वेगळी, आणि व्याजही वेगळे. वय वाढेल तसा गुणक उतरतो : 46 ते 50 ला 13, पासष्टीपुढे 5. तिच्याकडे कमाईचा कागद नाही म्हणून न्यायाधिकरण रिकाम्या हाताने पाठवू शकत नाही. अशा वेळी किमान वेतनाचे दर आधाराला घेतले जातात. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही उत्पन्न धरायचे, हे 2021 च्या कीर्ती निकालात ठामपणे सांगितले गेले. अडाणी किंवा अल्पवयीन जखमीची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे ती मधल्या माणसांच्या हाती लागत नाही.

तडजोड लोकअदालतीत लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्याआधी वरचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. न्यायाधिकरणाचा निवाडा कमी वाटला, तर उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करता येते.

कंपनीचा ठरलेला बचाव म्हणजे ‘तो अचानक आडवा आला’. पादचाऱ्याचाही हलगर्जीपणा सिद्ध झाला, तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दावा मात्र संपत नाही. लहान मुलांच्या बाबतीत न्यायालये असा दोष सहसा लावत नाहीत. वाहन चालवण्याच्या 2017 च्या विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून, थांबून, पायी चालणाऱ्याला वाट द्यायची असते. रस्ता ओलांडणारा वाहनाच्या वाटेत आला, असे म्हणण्याआधी वाट कोणाची होती हे पाहायला हवे. दोन वाहनांच्या चुकीत सापडलेला पादचारी कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. वाटणी त्यांनी आपसांत करावी.

उपचाराचा हक्क पैशांच्या आधी येतो. 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून कोणताही डॉक्टर, सरकारी असो वा खासगी, पोलिसांचे सोपस्कार होईपर्यंत जखमीला थांबवू शकत नाही. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत प्रत्येक अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत 1.5 लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम 134अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही.

चालण्याच्या जागेचा प्रश्न न्यायालयांनी अलीकडे या विषयाला जोडला. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली; सात जण गेले, आठ जखमी झाले. त्या खटल्यातली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली. मोकळा, अडथळ्यांविना पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याच न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले. वाहन नसताना, नुसत्या रस्त्याने घात केला तर काय, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिले. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, आणि दुखापतीच्या स्वरूपानुसार 50,000 ते 2.5 लाख रुपये संबंधित यंत्रणेने द्यायचे.