रंगभवन आणि रॉक मशीन

२०२४ साली मुंबईच्या रॉक मशीन या बँडला ४० वर्षं झाली. आमच्याकडे ती रीतसर साजरी झाली: बटाटेवडे, बियर आणि दोन कॅसेटी. एक १९८८ची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’, दुसरी १९९०ची ‘द सेकंड कमिंग’. मुलगी म्हणाली, “बाबा, फोनवर लावा ना, आवाज तरी साफ येईल.” साफ आवाज हवाय कुणाला! रंगभवनात तो कधीच साफ नव्हता.

ऐंशीच्या दशकात मुंबईतला रॉक बँड म्हणजे परक्या गाण्यांची नक्कल. डीप पर्पल जितका हुबेहूब, तितका बँड भारी. कुणी स्वतःचं गाणं काढलं की पब्लिक ओरडायचं. ओरडणाऱ्यांत मीही असायचो. रॉक मशीननेही सुरुवात नकलेनेच केली, पण पुढे त्यांनी स्वतःचीच गाणी वाजवायची असं ठरवलं. माझ्या मते त्यांचं खरं धाडस हे. कॅसेट नंतरची गोष्ट. गायला उदय बेनेगल, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. गिटारवर महेश तिनईकर. ते आडनाव पोस्टरवर वाचून गिरगावातल्या आमच्या कट्ट्याची छाती उगाचच फुगायची. त्यांचं ‘टॉप ऑफ द रॉक’ सुरू झालं की परक्या गाण्यांची फर्माईश बंद.

हे सगळं घडलं धोबीतलावच्या रंगभवनात. सरकारी मालकीचं खुलं नाट्यगृह, शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल. १९७८मध्ये पहिली जॅझ यात्रा इथेच भरली, सॉनी रोलिन्स इथे सॅक्सोफोन वाजवून गेला. १९८६मध्ये फरहाद वाडियाने ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू केला, १५ ऑगस्टच्या आसपास. म्हणजे ऐन पावसात, डोक्यावर छप्पर नाही. काळे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, पायाखाली चिखल, आणि तरी जागा सोडायला कुणी तयार नसे. गिरगावातून आम्ही चालत जायचो. मराठी माध्यमाच्या पोरांना शब्द निम्मे कळायचे, त्याने काही अडलं नाही.

१९९३मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. मला ते नाव आजही पचलेलं नाही. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, तबला गिटारच्या जोडीला आला. ते संगीत जास्त शहाणं होतं, हे मान्य. पण एव्हाना केबलवर हिंदी पॉप जोरात होतं आणि इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडवर पैसे लावायला कंपन्यांना फारसा रस नव्हता. १९९७मध्ये बँड फुटला. २०१०मध्ये पुन्हा जमला, २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. चांगला आहे, जरूर ऐका.

रंगभवन मात्र पुन्हा जमलं नाही. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, हा २०००च्या ध्वनी नियमांचा हिशेब. त्यात ही जागा बरोबर मध्ये सापडली आणि दोन-तीन वर्षांतच तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कामा हॉस्पिटलच्या वॉर्डात बाळंतीण झोपलेली असताना बाहेर ड्रम बडवणं बरं नव्हेच. आज लोकांना रंगभवन आठवतं ते शेजारच्या गल्लीमुळे: २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिथेच शहीद झाले.

रंगभवनाच्या जागेवर छप्पर आणि आवाज अडवणाऱ्या भिंती घालून बंदिस्त सभागृह करता येईल. तिथे नाटक व्हावं, जॅझ व्हावं, कॉलेजातल्या पोरांनी स्वतःची गाणी वाजवावीत. जागा सरकारचीच आहे. दक्षिण मुंबईत नवख्या बँडला परवडेल असा रंगमंच शोधायला गेलं तर सापडत नाही, तेव्हा सरकारने हे काम आता हाती घ्यावं.