तुणतुणं : एका तारेचं वाद्य

एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, ‘झालं याचं तुणतुणं सुरू!’ या म्हणण्यात वाद्यावर अन्याय आहे. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

तुणतुणं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं. तळाला कातडं, बाजूला दांडी, दांडीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार खुंटीला ताणायची आणि छेडायची. सूर एकच, पण तोच सूर आधारस्वर होतो आणि तोच ठेका होतो. संबळ घुमते, निवेदक आख्यान सांगत कुठल्या कुठे जातो. परतायला ठिकाण राहतं ते या तारेमुळं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात स्थिर आणि चल यांवर मी तासन्‌तास बोललो आहे. गोंधळी ते एका बोटानं सांगतो, बरं का.

आपण उमरगेकर तुळजापूरच्या वाटेवरचे. भवानीचे गोंधळी कदमराई, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, हे आपल्याला सांगावं लागत नाही. शेजारच्या कल्याणच्या, म्हणजे बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकात ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासक त्याचं नातं गोंधळाशी जोडतात. मला नुसतं नामसाम्य पुरेसं वाटत नाही, पण वाट तिकडं जाते खरी.

आता थोडं दूर, युक्रेनला जाऊ. तिथं कोबझार नावाचे गायक, बहुतेक अंध, कोबझा किंवा बंडुरा छेडत कझाकांच्या लढायांची गाणी गावोगाव गात. शेवचेन्को या त्यांच्या महाकवीनं १८४० साली आपल्या काव्यसंग्रहाला ‘कोबझार’ हेच नाव दिलं. पुढं बंडुऱ्याला साठ-साठ तारा आल्या, वाद्य रंगमंचावर गेलं. पण सोव्हिएत राजवटीत १९३०च्या दशकात भटक्या कोबझारांची परंपरा मोडून पडली. बंडुऱ्याचा मोठा जाणकार ह्नात खोत्केविच याला १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. वाद्य वाढलं, गाणारा गेला.

आपल्याकडं गोळी कुणी घातली नाही. अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो अशाच गाणाऱ्यांच्या तोंडी. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. (हेच ते अ‍ॅक्वर्थ, ज्यांच्या नावाचं कुष्ठरुग्णालय वडाळ्याला आहे.) त्या पुस्तकाचे उपकार मोठे. पण त्यात शब्द आहेत. चाल नाही, झीलकऱ्याचा ‘जी जी’ कुठं चढतो ते नाही, आणि तुणतुणं तर नाहीच नाही.

हल्ली लग्नाच्या गोंधळात संबळीशेजारी कीबोर्ड दिसतो. पोटासाठी आहे, मी नावं ठेवणार नाही. मात्र दोन तासांत आटपा म्हणणारे यजमान आपणच असतो, आणि मग पहिल्यांदा कापलं जातं ते आख्यान. तेव्हा पुढच्या गोंधळाला नवरा-नवरीचे फोटो काढून झाले की मोबाईल गोंधळ्याकडं वळवा, आख्यान संपेपर्यंत बंद करू नका, आणि ते कुणाकडून शिकलात हेही त्यांना तेवढं विचारून घ्या.