मुक्या जीवांची साक्ष

मुक्या प्राण्यांवर दया करावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याला नेमके काय हवे आहे, हे कसे ओळखावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. माणूस आपले दुःख बोलून दाखवितो. प्राण्याजवळ शब्द नाहीत. मग त्याची साक्ष घ्यावी तरी कशी? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. चांगल्या हेतूला ज्ञानाची जोड नसेल तर काय होते, हे त्या शास्त्राच्या इतिहासातून दिसून येते.

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने प्राण्यांची तुलना यंत्राशी केली होती. पुढे १७८९ साली इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम याने प्रश्नाचा रोखच बदलला. प्राण्याला बुद्धी किंवा वाचा आहे की नाही हे गौण असून त्याला यातना होतात की नाही हे महत्त्वाचे आहे, असे त्याने प्रतिपादन केले. १८२२ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुराढोरांचा छळ करण्यास बंदी घालणारा कायदा संमत केला. रिचर्ड मार्टिन या आयरिश सभासदाचे नाव त्या कायद्याशी कायमचे जोडले गेले. मात्र चाबकाचा फटका डोळ्यांना दिसतो. कोंडलेल्या प्राण्याच्या मनातील तळमळ दिसत नाही. ती जाणण्यासाठी निरीक्षणाची शिस्त लागते.

ही शिस्त किती कठोर असावी लागते, हे बर्लिनमधील एका घोड्याने जगाला शिकविले. हान्स नावाचा हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देतो, अशी ख्याती १९०४ साली पसरली होती. त्याच्या मालकाने कोणतीही लबाडी केली नव्हती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने परीक्षा घेतली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा हमखास चुके, असे त्याला आढळले. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेची नकळत अगदी सूक्ष्म हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. १९०७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्या मनातील उत्तर आपणच प्राण्याच्या तोंडी घालतो, ही धोक्याची सूचना संशोधकांनी तेव्हापासून जपली.

पुढे कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी प्राणिवर्तनाच्या अभ्यासाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. कोणतीही वागणूक पाहिली की चार प्रश्न विचारावेत, असे टिनबर्गनने १९६३ साली मांडले: ती कशामुळे घडते, त्या जिवाच्या वाढीत ती कशी घडत जाते, तिचा जगण्यास उपयोग काय, आणि त्या जातीत ती कशी उत्क्रांत झाली. या तिघांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वादळ उठले होते. रूथ हॅरिसन या क्वेकर पंथीय महिलेने १९६४ साली ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध करून कारखान्यासारख्या पशुपालनाचे चित्र जनतेपुढे ठेवले. लोकक्षोभ इतका झाला की सरकारला प्राणिशास्त्रज्ञ प्रा. ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९६५ साली समितीने अहवाल दिला. पाळीव प्राण्याला उभे राहता यावे, आडवे होता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत, एवढी किमान मोकळीक त्याने मागितली.

त्याच अहवालात एक लहानशी शिफारस होती. पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी तारेची जाळी कोंबड्यांना त्रासदायक होत असावी, म्हणून तिच्याऐवजी जाड तारेची जाळी वापरावी. समितीचा हेतू निर्मळ होता. तथापि १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच दोन्ही जाळ्यांमधून निवड करू दिली, तेव्हा त्यांनी बारीक जाळी पसंत केली! तिच्यावर पावलाला अधिक ठिकाणी आधार मिळतो, असे त्याचे कारण सांगितले जाते. जाणकार माणसांनी कोंबडीच्या वतीने दिलेला निकाल कोंबडीनेच फिरविला.

येथून एक नवी वाट खुली झाली. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी १९७७ साली कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळे अंगण यांतून निवड करण्याची संधी दिली. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या प्रथम पिंजऱ्याकडेच वळल्या. अंगणाची ओळख झाल्यावर मात्र त्यांनी अंगण निवडले. सवय आणि खरी पसंती यांत फरक असतो, हे त्यातून कळले. पसंती किती तीव्र आहे हे मोजण्यासाठी पुढे जड दारे लावण्यात आली. अंडे घालण्याची वेळ जवळ आली की अंडे घालण्याचा आडोसा गाठण्यासाठी कोंबडी असे दार नेटाने ढकलते, हे दिसून आले.

अर्थात, आवडते ते सदैव हितकारक असतेच असे नाही. हे मुलाबाळांच्या घरात वेगळे सांगावयास नको. म्हणून निवडीच्या जोडीला प्रकृतीची तपासणी, रक्तातील बदलांचे मोजमाप आणि तासन्‌तास केलेल्या निरीक्षणांच्या नोंदीही लागतात. वेदनेचीही साक्ष अशीच काढता येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांपुढे दोन रंगांचे खाद्य ठेवले होते. त्यांपैकी एकात वेदनाशामक औषध होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य अधिक खाल्ले, आणि लंगडेपणा जितका जास्त तितके ते अधिक खाल्ले गेले.

या अभ्यासाची फळे प्रत्यक्षात उतरली. १९७९ साली ब्रिटनमधील शासकीय सल्लागार परिषदेने ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली: भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती व क्लेश यांपासून मुक्ती, आणि स्वाभाविक वागणुकीची मोकळीक. युरोपीय संघाने १९९९ साली नियम करून १ जानेवारी २०१२ पासून कोंबड्यांचे उघडेबोडके पिंजरे बंद केले. जे पिंजरे राहिले त्यांत आडोसा, बसावयाची दांडी आणि पाय उकरावयाची सोय सक्तीची झाली. आपल्याकडेही विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये कोंबड्यांच्या पालनाविषयी व वाहतुकीविषयी २६९वा अहवाल सादर केला. यात माणसाचाही लाभ आहे. पॉल हेम्सवर्थ यांनी डुकरांच्या पालनाचा अभ्यास केला, तेव्हा जेथे डुकरिणी माणसाला भितात तेथे त्यांची वीणही कमी, असे आढळले. सांभाळणाऱ्याचा हात सौम्य असेल तर धन्याचाही फायदाच होतो.

दयेला डोळे लागतात, एवढाच या साऱ्या इतिहासाचा बोध. आपल्या परसात कोंबडी असेल, गोठ्यात गाय असेल, दारी कुत्रा असेल, तर त्याला काय आवडत असेल याची कल्पना करण्याआधी त्याच्याकडे थोडा वेळ शांतपणे पाहावे. तो कोठे जाऊन बसतो, काय टाळतो, कशासाठी धडपडतो, हे ध्यानात घ्यावे आणि मगच त्याच्यासाठी सोय करावी. मुलांना सोबत घेऊन हे पाहिले तर अधिकच बरे.