कुत्र्याचे पिल्लू घरी आणण्यापूर्वीची खरेदी : काय घ्यावे, काय टाळावे

कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की घरात पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी खरेदीची. पाळीव प्राण्यांच्या सामानाची स्वतंत्र दुकाने आता तालुक्याच्या गावीही दिसतात आणि ऑनलाइन बाजारात तर अशा वस्तूंना अंत नाही. प्रत्यक्षात दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला लागणारे सामान एका मोठ्या पिशवीत मावते आणि त्यातले निम्मे घरातच असते. मात्र जे लागते ते पिल्लू येण्याच्या आधी हाताशी असावे लागते. काही वस्तू हौसेने आणल्या जातात आणि त्यांनी पिल्लाचे नुकसानच होते, त्यामुळे न घेण्याची यादीही तितकीच महत्त्वाची आहे.

आधी वय, मग यादी

भारतात 2017 साली लागू झालेल्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हा आकडा उगाच ठरलेला नाही. आईचे दूध सुटून पिल्लू घट्ट अन्न नीट खाऊ लागणे आणि भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे याचा अंदाज येणे, या दोन्ही गोष्टी याच काळात होतात. तरीही तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले सर्रास विकली जातात. 'बाटलीने दूध पाजा' असा सल्ला विक्रेता देत असेल तर ते पिल्लू आणण्याच्या वयाचे नाही, हे ओळखावे. पुढील यादी आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लासाठी आहे. मग ते लॅब्रॅडॉर असो की गल्लीतून दत्तक घेतलेले देशी पिल्लू.

या यादीतली पहिली गोष्ट दुकानात मिळत नाही. पिल्लू येण्याआधी जवळचा पशुवैद्य ठरवून त्याची वेळ घेऊन ठेवावी, आणि रात्री-अपरात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता आहे, तेही विचारून ठेवावे. ज्यांच्याकडून पिल्लू घ्यायचे त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : लसीकरणाचे कार्ड, जंताचे औषध दिल्याच्या तारखा आणि सध्या पिल्लू काय खाते त्याचे नाव.

खाणे : मोठे पोते घेऊ नये

नवीन मालकांची सर्वात जास्त उधळपट्टी इथे होते. दहा-पंधरा किलोचे पोते किलोमागे स्वस्त पडते म्हणून आधीच आणले जाते आणि पिल्लाला ते मानवत नाही. पहिला आठवडाभर पिल्लू जे खात होते तेच द्यावे, म्हणून आधी त्याच अन्नाचा लहान पुडा आणावा. अन्न बदलायचे असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. एकदम बदलले की जुलाब होतात, आणि नव्या घरात आलेल्या पिल्लाचे जुलाब हे अन्नाचे की आजाराचे, हे ओळखणे कठीण जाते.

पाकिटावर 'पपी' किंवा वाढीच्या वयासाठीचे अन्न असा उल्लेख हवा. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी त्या वर्गाचे वेगळे अन्न मिळते. या वयात दिवसातून तीन ते चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते. दूध-पोळीवर पिल्लू वाढवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. शिवाय गाई-म्हशीच्या दुधातली साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि पोट बिघडते. घरचेच अन्न द्यायचे असेल तर अंडी, शिजवलेले चिकन, भात, दही यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक दुकानदार पिल्लाच्या अन्नासोबत ती हातात ठेवतातच. 'हाडे मजबूत होतील, कान उभे राहतील' हे त्यामागचे सांगणे. वाढीच्या वयाचे तयार अन्न पिल्लाला लागणारे कॅल्शियम योग्य प्रमाणात घालूनच बनवलेले असते. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, दिलेल्यातले बरेचसे शरीरात शोषले जाते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींमध्ये या जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात, सांधे दुखू लागतात. उलट नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. म्हणजे ही बाटली कुणाला लागेल आणि कुणाला घातक ठरेल, हे अन्नावर अवलंबून आहे. दुकानात उभे राहून ते ठरवता येत नाही.

भांडी स्टीलची घ्यावीत, एक पाण्याला आणि एक अन्नाला. तळाला रबर असले तर फरशीवर सरकत नाहीत. प्लॅस्टिकचे भांडे पिल्लू दोन दिवसांत चावून ठेवते आणि त्याच्या खरबरीत ओरखड्यांत घाण साचते.

जुन्या वस्तू आणि पार्व्हो

ओळखीच्यांकडून जुना पिंजरा, गादी, भांडी मिळत असतील तर घ्यायला हरकत नसते. पण त्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : तिथले कुत्रे कशाने गेले? विशेषतः आधीचे पिल्लू उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन दगावले असेल, तर ती वस्तू फुकटही घेऊ नये.

हे पार्व्होचे वर्णन असू शकते. 1978 च्या सुमारास जगात प्रथम दिसलेला हा विषाणू आजही लस न झालेल्या पिल्लांचा सर्वात मोठा शत्रू आहे. आजारी पिल्लाच्या शीमधून तो बाहेर पडतो आणि जमीन, कापड, बुटाचा तळ, भांडी यांवर महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीचे फिनेल किंवा साधी जंतुनाशके त्याला पुरी पडत नाहीत. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून आणताना बागडणारे पिल्लू चौथ्या दिवशी मलूल पडते आणि 'घरात काय खाल्ले' याचा शोध सुरू होतो.

ज्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू गेले आहे, त्या घरात नवे पिल्लू आणण्यापूर्वी कापडी आणि लाकडी वस्तू टाकून द्याव्यात. फरशी व स्टीलची भांडी आधी साबणाने स्वच्छ धुवावीत, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग या द्रावणाने पुसून किमान दहा मिनिटे ओले ठेवावे आणि शेवटी साध्या पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले द्रव कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. शक्य असेल तर अशा घरात लसीचे डोस पूर्ण झालेले, थोडे मोठे पिल्लूच आणावे.

लसीचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावे लागतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत ती लसीच्या आड येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून डोस पुन्हा पुन्हा लागतात. 'एक इंजेक्शन झाले आहे' एवढ्यावर विसंबून पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत खाली सोडू नये. उचलून मात्र जरूर फिरवावे. माणसे, वाहने, मिक्सरचा आवाज यांची सवय होण्याचे हेच वय असते.

झोपायची जागा, पट्टा, खेळणी

गादी विकत घेण्याची घाई नको. दुमडलेली जुनी सतरंजी किंवा गोधडीचे तुकडे पुरतात, कारण पहिले काही आठवडे ते रोज धुवावे लागतात. दोरे सुटलेले कापड मात्र नको, पिल्लू ते गिळते. पिंजरा घ्यायचा असेल तर पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच हवा. फार मोठा घेतला तर ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपते. मोठ्या जातीसाठी आत फळी सरकवून जागा लहान-मोठी करता येणारा पिंजरा परवडतो. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय घसरतात, तेव्हा त्याच्या वावराच्या जागेत गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी.

गळ्यात घालायला रुंद, हलका, नायलॉनचा किंवा सुती पट्टा पुरतो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लू भराभर वाढते, म्हणून दर आठवड्याला हे तपासावे आणि महागडा कातडी पट्टा वाढ पूर्ण झाल्यावरच घ्यावा. त्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेला बिल्ला पहिल्याच दिवशी लावावा. दार उघडे राहून पिल्लू हरवते ते बहुधा घर ओळखीचे होण्याआधीच. बाहेर नेण्यासाठी छातीवरून जाणारा हार्नेस आणि दीड-दोन मीटरची दोरी चांगली. ओढली की गळा आवळणारी लोखंडी साखळी पिल्लाला घालू नये.

कुत्र्याला 28 दुधाचे दात येतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून 42 कायमचे दात येतात. या काळात पिल्लू चपला, टेबलाचा पाय, माणसाची बोटे, काहीही चावते. म्हणून कडक रबराची दोन-तीन खेळणी हवीतच. ती तोंडात पूर्ण मावणार नाहीत एवढी मोठी असावीत. ओले फडके पीळ घालून फ्रीजरमध्ये गोठवून दिले तर हिरड्यांना आराम पडतो आणि खर्च शून्य. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या धारदार कपच्या होऊन घसा किंवा आतडे फाटू शकते.

स्वच्छता

रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा हाच पहिल्या महिन्याचा खरा साथी. पिल्लाला महिन्यांच्या वयात एक मिळवून येणाऱ्या तासांपेक्षा जास्त शू रोखता येत नाही असे ढोबळमानाने धरतात, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. शू पुसायला अमोनिया असलेले द्रव वापरू नये. त्याचा वास लघवीच्या वासासारखा असल्याने पिल्लू पुन्हा तिथेच जाते. एन्झाइम असलेले क्लीनर वास मुळापासून घालवते.

शाम्पू कुत्र्यांसाठीचाच हवा, माणसांचा किंवा बाळाचा साबण नको, दोघांच्या त्वचेची आम्लता वेगळी असते. पण शाम्पूची घाई नाहीच. नव्या घरात पहिल्या दिवसांत अंघोळ घालण्यापेक्षा कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसणे बरे.

गोचीड हा महाराष्ट्रातल्या कुत्र्यांचा कायमचा त्रास, आणि त्यातून होणारा गोचीडताप जीवावर बेततो. तरीही गोचीड मारण्याचे औषध यादीत लिहून स्वतः आणू नये. वय आणि वजन पाहून पशुवैद्य देईल तेच वापरावे. गोठ्यातल्या जनावरांवर फवारायचे औषध पाण्यात मिसळून पिल्लाला लावल्याने विषबाधा होते. घरात मांजर असेल तर तेही पशुवैद्याला सांगावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराला मारक असते.

आणायच्या नाहीत, उचलायच्या वस्तू

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध, देव्हाऱ्यातला कापूर, चार्जरच्या वायरी पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवरून हलवाव्यात. अंगणातली कण्हेर आणि कुंडीतला सायकस दोन्ही विषारी आहेत. सायकसच्या बिया तर अगदी थोड्या खाल्ल्या तरी यकृत निकामी होऊ शकते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका-बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ कुत्र्यांना अपायकारक आहेत. प्रसादाचा शिरा मनुकांसकट चाटवणे हा प्रेमाचा प्रकार म्हणूनच धोक्याचा. ताप वाटला तर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नये. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचे डोके जात असेल तर जाळी लावून घ्यावी.

कागद आणि प्रवास

मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. ही लस साधारण तीन महिने वयाला देतात. गृहनिर्माण संस्थांना कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. लिफ्टवरून किंवा भुंकण्यावरून वाद निघण्याआधी त्यांची एक प्रत आणि लसीचे कार्ड एका फाइलमध्ये ठेवलेले बरे. दिवाळीच्या आठवड्यात पिल्लू आणणे शक्यतो टाळावे. नवे घर आणि फटाके दोन्ही एकदम आले की भीती पुढे वर्षानुवर्षे राहू शकते.

आणायला जाताना सोबत टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका, दोन जुने टॉवेल, रद्दी, पाण्याची बाटली आणि एक वाटी घ्यावी. निघण्याच्या दोन-तीन तास आधीपासून खायला देऊ नये असे तिथल्या लोकांना सांगून ठेवले की गाडीत उलटी होण्याची शक्यता कमी होते. यातला एक टॉवेल दोन दिवस आधीच नेऊन पिल्लाच्या आईजवळ ठेवायला द्यावा. पहिल्या रात्री आईचा वास असलेला तोच टॉवेल अंथरुणात घातला की पिल्लाचे रडणे बरेच कमी होते.